वाचकांचे प्रश्न : मे महिन्याची सुटी आणि कर्करोग संशोधन

प्रश्न : मी फोंड्याला अकरावी विज्ञान शाखेत शिकते. आजीला तोंडाचा कर्करोग झाल्यापासून या विषयाची ओढ लागली आहे. मे महिन्याच्या सुटीत एखाद्या कर्करोग प्रयोगशाळेत काम करायला मिळेल का? पैसे भरून ‘रिसर्च इंटर्नशिप’ देणाऱ्या जाहिरातींवर विसंबावे का?
– एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : अकरावीत असताना थेट प्रयोगशाळेत काम मिळणे अवघडच आहे. आपल्या तिन्ही विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती महाविद्यालयीन विद्यार्थी व शिक्षक यांच्यासाठी असते, तर अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा उन्हाळी उपक्रम त्या देशाचे नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यापुरताच मर्यादित आहे. यात तुमच्या गुणवत्तेचा प्रश्न नाही. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या पेशी बाहेर काढून प्रयोगायोग्य होईपर्यंतच आठवडा-दोन आठवडे जातात, त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी त्यांचे पोषकद्रव्य बदलावे लागते. शिवाय रुग्णांचे नमुने हाताळण्याची जोखीम अल्पवयीन मुलांवर कोणी टाकत नाही. एका सुटीत हे सारे बसवायचे म्हटले, तर बहुतेक वेळ दुसऱ्याचे काम पाहण्यातच जाईल.

मात्र कर्करोग संशोधनाचा मोठा भाग आता संगणकावर चालतो, आणि तिथे फोंड्यात बसूनही शिरकाव करता येतो. अमेरिकेत २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘कॅन्सर जीनोम ॲटलास’ प्रकल्पाने ३३ प्रकारच्या कर्करोगांच्या ११,००० हून अधिक रुग्णांच्या गाठींचा जनुकीय अभ्यास केला, आणि त्यातील बरीचशी माहिती ‘सीबायोपोर्टल’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. त्यासाठी प्रोग्रामिंग यावेच लागते असे नाही. प्रश्न मात्र लहान घ्या. उदाहरणार्थ, डोके व मानेच्या कर्करोगात (तोंडाचा कर्करोगही यातच येतो) पेशींची अनियंत्रित वाढ रोखणाऱ्या ‘टीपी५३’ या जनुकातील बिघाड एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा) विषाणू असलेल्या आणि नसलेल्या गाठींमध्ये सारख्याच प्रमाणात आढळतो का? याच प्रकल्पाचा २७९ गाठींवरील शोधनिबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला असल्यामुळे स्वतः काढलेले उत्तर त्याच्याशी ताडून पाहता येईल. आजीच्या आजाराशीही हा विषय जवळचा आहे.

वर्गमैत्रिणींच्या तंबाखू सेवनाचे सर्वेक्षण करावे, असा मोह अनेकांना होतो. अल्पवयीन मुलांना असे प्रश्न विचारायचे तर पालकांची संमती आणि त्या मुलांचा स्वतःचा होकार, दोन्ही आवश्यक असतात, तेव्हा शिक्षकांशी बोलल्याशिवाय प्रश्नावली वाटू नका.

जाहिरातींबाबत माझे मत कडक आहे. मार्गदर्शक कोण, तो कोणत्या संस्थेत काम करतो आणि विद्यार्थ्याने नेमके काय करायचे, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी कळत नसेल, तर ते प्रमाणपत्र विकत घेणेच झाले.

‘टीपी५३’च्या वरील प्रश्नावर आलेखासह दोन पानांचे टिपण तयार झाले की ते जीवशास्त्राच्या शिक्षकांकडून तपासून घ्या, आणि मग गोवा विद्यापीठातील किंवा बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापकांना पाठवून प्रयोगशाळा पाहण्यासाठी फक्त एका दिवसाची परवानगी मागा. दोन महिन्यांची मागणी नाकारणे सोपे असते. एका दिवसाला सहसा होकार मिळतो. हे पत्र मे महिन्याची वाट न पाहता फेब्रुवारीतच पाठवा, कारण पुढे प्राध्यापक परीक्षांत आणि उत्तरपत्रिकांत गुंतलेले असतात.