दाजींना ‘लेइ’ म्हटलं, त्यात चुकलं काय?

पत्र सांगलीहून आलंय, एका वडिलांचं. मुलगी बी.आर्क.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला मिलानच्या पोलितेक्निको विद्यापीठात इंग्रजीतून मास्टर्स करायचंय. सहा महिने ती मोबाईलवरच्या ॲपवर रोज अर्धा तास इटालियन शिकत होती. वडिलांचं म्हणणं थोडक्यात असं: कोर्स इंग्रजीत आहे, मग ‘कसे आहात, बरे आहात’ असली वाक्यं घोकून काय मिळणार? शिकायचंच तर आधी व्याकरण पक्कं करावं आणि जूनपर्यंत बी-टू पातळीचं (ए-वन ते सी-टू या सहा पायऱ्यांमधली चौथी) सर्टिफिकेट काढावं, तरच पुढचे पैसे भरू. शिवाय सहा महिन्यांत तिला काहीच आलेलं नाही. गौरीच्या जेवणाला पाहुण्यांसमोर ‘बोलून दाखव’ म्हटलं, तर ती दाजींना म्हणाली, ‘लेइ कोमे स्ता?’ दाजींनी तिथल्या तिथं मोबाईलवर बघितलं, तर ‘लेइ’ म्हणजे ‘ती’. सगळे हसले. त्याच रात्री तिनं ॲप काढून टाकलं.

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा गौरीच्या जेवणापाशीच अडकलो. मिलान, बी-टू, पैसे हे सगळं नंतर बघू.

तुमची मुलगी चुकली नव्हती. ‘लेइ’ म्हणजे ‘ती’ हे खरं, पण इटालियनमध्ये तोच शब्द ‘आपण’ म्हणूनही वापरतात, समोर बाई असो की पुरुष. बरोबरीच्या मैत्रिणीला ‘कोमे स्ताई?’, म्हणजे ‘कशी आहेस?’ वडीलधाऱ्या माणसाला, प्रोफेसरांना, बँकेतल्या अनोळखी साहेबांना ‘कोमे स्ता?’, आणि मान ठळक करायचा तर पुढं ‘लेइ’. तिच्यासमोर दाजी होते. घरचे जावई, वयानं मोठे. तिनं त्यांना अगदी योग्य तो मान दिला. पंचवीस माणसांत त्या भाषेची रीत एकटीला ठाऊक होती, आणि हसं झालं ते तिचंच.

तुम्ही लिहिता, ‘तिला उत्तर देता आलं नाही, म्हणजे पाया कच्चा.’ साहेब, पाया कच्चा नव्हता, मुलगी भिडस्त आहे. हेही तुम्हीच पत्रात लिहिलंय, फक्त दुसऱ्या पानावर. भिडस्त मुलीला पुरणपोळीच्या ताटांमधून उठवून उभं केलं, वर मोबाईल घेऊन तपासायला माणूस बसवला, तर तिला स्वतःचं नावही आठवणार नाही. लहानपणी आपल्या सगळ्यांना ‘पाहुण्यांना कविता म्हणून दाखव’ झालेलं आहे. मला आजही ती कविता ऐकली की घाम फुटतो. नवी भाषा शिकणाऱ्याला दिवसातून पन्नास वेळा चुकावं लागतं, आणि चुकायला निवांत जागा लागते. ती जागा तिनं स्वतःच्या खोलीत, मोबाईलवर केली होती. तुम्ही ती दिवाणखान्यात आणलीत.

आता ‘आधी व्याकरण’. हा गैरसमज तुमचा एकट्याचा नाही, माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या पालकांचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रोजची छोटी वाक्यं म्हणजे पोपटपंची, असं तुम्ही म्हणता. एकच वाक्य घ्या: ‘मी प्याचे इल काफे.’ ऐकायला ‘मी’ आहे, पण या ‘मी’चा अर्थ ‘मला’. मला कॉफी आवडते. पुस्तकं आवडत असतील तर ‘मी प्याच्चोनो ई लीब्री’. आवडणारी वस्तू अनेकवचनी झाली की क्रियापद बदललं. ‘आवडते’चं ‘आवडतात’ झालं, नेमकं आपल्यासारखं. इंग्रजीत इथं ‘आय’ येतो आणि तो शेवटपर्यंत हलत नाही. त्यामुळं इंग्रजीच्या खांद्यावरून इटालियनकडं बघणारी मुलं इथं हमखास ‘ईओ प्याच्चो’ म्हणतात, ज्याचा अर्थ होतो ‘मी लोकांना आवडतो’. मराठी मुलीनं इंग्रजीचा वळसा घेतलाच नाही, तर हे वाक्य तिला समजावूनसुद्धा सांगावं लागत नाही. तसंच ‘सोनो आंदाता’. बाई म्हणते ‘आंदाता’, पुरुष म्हणतो ‘आंदातो’. मी गेले, मी गेलो. इंग्रजीला ही भानगड माहीतच नाही. अशी पन्नास वाक्यं तोंडात बसली की त्यांच्यामागून व्याकरण आपोआप चालत येतं, आणि मग पुस्तक उघडलं तर ते ओळखीचं वाटतं. उलट क्रमानं गेलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना क्रियापदांचे तक्ते तोंडपाठ असतात आणि पाणी मागता येत नाही.

उच्चारातही तिच्या पदरात बरंच पडलेलं आहे. इटालियन ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दातांवर जीभ टेकवून येतात. ‘ग्रात्सिए’ (धन्यवाद) मधला ‘त्स’ आपल्या ‘चमच्या’तल्या च-चा सख्खा शेजारी आहे. फक्त शेवटचा ‘ए’ गिळू नये, ‘ग्रात्सी’ म्हणणारा लगेच परका कळतो. जोडाक्षरांवरचा जोरही आपल्याला ऐकू येतो, कारण ‘किती’ आणि ‘कित्ती’ यांतला फरक घरातलं शेंबडं पोरही जाणतं. तिकडं तो फरक अर्थच बदलतो: ‘कापेल्लो’ म्हणजे केस, ‘काप्पेल्लो’ म्हणजे टोपी.

कोर्स इंग्रजीत आहे हे बरोबर. वर्ग इंग्रजीत भरेल. पोस्ट ऑफिस इंग्रजीत भरणार नाही. इटलीत उतरल्यावर कामाच्या आठ दिवसांत राहण्याच्या परवान्याचा, ‘पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो’चा अर्ज करावा लागतो. त्याचं पाकीट पोस्टात मिळतं आणि आतले फॉर्म इटालियनमध्ये असतात. त्यावर लावायचं 16 युरोचं तिकीट, ‘मार्का दा बोल्लो’, पोस्टात नाही तर तंबाखूच्या दुकानात घ्यायचं, ज्याच्या दारावर मोठा ‘टी’ लावलेला असतो. तिथल्या काउंटरवरच्या काकांना बी-टूचं सर्टिफिकेट दाखवून भागणार नाही. ‘बुओनजोर्नो’ म्हणून सुरुवात करावी लागेल आणि ‘सेदिची’ म्हणजे सोळा, ‘सेस्सांता’ म्हणजे साठ, हे कानाला कळावं लागेल. आणि हो, त्या काकांना ‘चाओ’ नाही म्हणायचं. ते मित्रमैत्रिणींसाठी. हे तुमच्या मुलीला माहीत असणारच, जिला दाजींसाठी ‘लेइ’ सुचलं.

तिच्यासाठी एक सूचना आहे, तेवढी पोहोचवा. शिकवणारे सगळेजण प्रश्न शिकवतात: ‘क्वांतो कोस्ता?’ (किंमत किती?), ‘दोवे इल बान्यो?’ (बाथरूम कुठं आहे?). प्रश्न सोपा असतो. खरी पंचाईत उत्तर आल्यावर होते, कारण समोरचा माणूस एका दमात बोलून मोकळा होतो. म्हणून समोरून येणारी वाक्यं आधी ऐकायची. दुकानदार विचारेल ‘आल्त्रो?’, म्हणजे ‘आणखी काही?’ त्याला ‘बास्ता कोझी’, बस एवढंच. (आपला ‘बस’ आणि हा ‘बास्ता’ नात्यातले नव्हेत, पण लक्षात ठेवायला बरे.) आणि सगळ्यांत आधी ‘नोन ओ कापीतो’, मला कळलं नाही. त्याला जोडून ‘पुओ रिपेतेरे?’, पुन्हा सांगाल का? ही दोन वाक्यं न लाजता म्हणता आली की पहिला महिना निभतो. कॉफी शॉपमधली सवय मात्र इथंच सोडून जायची. तिथं ‘लात्ते’ मागितलं तर पेल्यात नुसतं दूध येतं.

बी-टूबद्दल स्पष्टच सांगतो. ती पातळी साधारणपणे इटालियनमधून शिकवल्या जाणाऱ्या पदव्यांसाठी मागतात. सिएनाची ‘चिल्स’ किंवा पेरुजाची ‘चेली’ या परीक्षा चांगल्या आहेत, पण तुमच्या मुलीपुढं आता शेवटच्या वर्षाचा थीसिस आणि अर्जासाठीचा पोर्टफोलिओ आहे. हे सगळं सांभाळून जूनपर्यंत शून्यावरून बी-टू होत नाही, आणि कोणी ‘करून देतो’ म्हणत असेल तर त्याला पैसे देऊ नका. इंग्रजीचा स्कोअर, ‘युनिव्हर्सितालि’ पोर्टलवरची पूर्वनोंदणी आणि व्हिसा ही वाट तिच्या कॉलेजमधले सीनियर सांगतील. भाषेची काही अट आहे का, ते कोर्सच्या पानावर वाचा. मिलानला पोहोचेपर्यंत ए-वन झालं, ए-टूकडं पाऊल पडलं, तरी मी खूष होईन.

आणि पैशांची ती अट मागं घ्या. अटीची सबब भाषेची आहे, पण पत्र वाचताना मला वाटलं की मुलगी इतक्या लांब जातेय याची तुम्हाला धास्ती आहे आणि ती तुम्ही सर्टिफिकेटच्या आड उभी केली आहे. धास्ती वाटणं रास्त आहे. ती तिला सरळ बोलून दाखवा. दोन पानांच्या पत्रात ‘आम्ही ठरवलंय’ सहा वेळा आलंय, आणि तिला तिथं जाऊन काय करायचंय याची एक ओळ नाही. ते मला सांगू नका, तिला विचारा.

ॲप पुन्हा घ्यायचं की नाही हे तिचं ती ठरवेल. तुम्ही एक काम करा. दाजींना फोन लावा आणि त्यांना सांगा की पोरीनं तुम्हाला ‘आपण’ म्हटलं होतं. ती घरात असताना लावा, तिला ऐकू जाईल असा. दिवाळीला सगळे परत जमायच्या आत.