अंग आंबलंय की दुखणं जुनं झालंय?

प्रश्न : दसऱ्याच्या आधी आम्ही सासू-सुनेनं मिळून दोन एकर सोयाबीन काढलं. मजूर मिळेना, मग आम्हीच विळे घेतले. दुसऱ्या दिवशी मला पाटावरून उठता येईना, मांड्या नुसत्या धरल्या होत्या. पाच दिवसांत मोकळी झाले. सासूबाईंची (वय ५८) कंबर मात्र तेव्हापासून दुखतेच आहे. आता महाशिवरात्र आली. काम नसलं तरी दुखते, रात्री कूस बदलताना जाग येते. एक्स-रे काढला तर ‘वयाप्रमाणे झीज’ म्हणाले. मेडिकलमधून आणून रोज दोन गोळ्या घेतात. घरातले म्हणतात, दोघींनी सारखंच काम केलं, तुझं दुखायचं राहिलं, त्यांचं का नाही?
– एक वाचक, औसा तालुका

उत्तर : ताई, तुमचं अंग आंबलं होतं. सासूबाईंचं दुखणं जुनं झालंय. शेत एकच असलं तरी ही दुखणी दोन आहेत.

आधी तुमचं. वर्षभर न केलेलं काम एकदम अंगावर घेतलं की स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते, विशेषतः स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो तेव्हा. माहूरला रेणुकामातेच्या पायऱ्या चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. वाकून सोयाबीन कापताना हेच घडतं. हे दुखणं १२ ते २४ तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि आठवडाभरात जातं. दाबलं, ताणलं की दुखतं. स्वस्थ पडलं की गप्प. ‘आंबलं’ म्हणतो म्हणून आत आम्ल साचतं असं पुष्कळांना वाटतं. पण कामाच्या वेळी स्नायूंत तयार झालेलं लॅक्टेट (लोक ज्याला आम्ल समजतात ते) तास-दोन तासांत निघून जातं, दुसऱ्या दिवशी दुखवायला ते शिल्लकच नसतं. यासाठी सुई घेऊ नका. गरम पाणी आणि हलकं चालणं-फिरणं पुरतं. फक्त अति कष्टानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ते मूत्रपिंडावर बेततं.

आता सासूबाई. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्याला आम्ही दीर्घकालीन वेदना म्हणतो. स्नायूची साधी इजा एवढ्या दिवसांत भरून येते, तरी दुखणं राहतं. तुमच्याकडे रानडुकरांसाठी शेताला झटका मशीन लावतात ना? तारेला गवत टेकलं तरी भोंगा वाजतो, डुक्कर नसतं. दुखणं लांबलं की मज्जासंस्थेचं असंच होतं. साधी कूस बदलली तरी ती ओरडते. भोंगा खरा वाजतो, झोप खरी मोडते. म्हणून त्यांना ‘मनाचे खेळ आहेत’ असं घरात कुणी म्हणू नका. आणि झीज दिसली म्हणजे कारण सापडलं असंही नाही. पन्नाशीनंतर ज्यांची कंबर कधी दुखली नाही, त्यांच्याही मणक्यात ती दिसते.

मला खरी काळजी गोळ्यांची वाटते. माझी आई परभणीकडं कापूस वेचायची. पाठ दुखायची, आणि पदराच्या गाठीत गोळ्यांचं पाकीट कायम असायचं. ‘कामाचंच दुखणं’ असं ती म्हणायची, आम्हीही तेच म्हणायचो. पायावर सूज आली तेव्हा तपासलं, तर मूत्रपिंडं निम्म्याच्या वर गेली होती. तेव्हा मी डॉक्टर झालो होतो, ताई. तिला एकदाही विचारलं नव्हतं की किती दिवस झाले.

म्हणून लातूरच्या शासकीय रुग्णालयात त्यांना घेऊन जा. रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडं कशी चालतात ते कळतं), साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. या वयात हाडं ठिसूळ होऊन मणका दबलेला असू शकतो, तेही बघायला सांगा. वजन उतरतंय का, संध्याकाळी कणकण येते का, हे विचारा. मणक्याचा क्षयरोगही (टीबी) कंबरदुखीच्या रूपानंच येतो. पायात ताकद कमी वाटली, मांड्यांच्या मधे बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट पाहू नका.

यातलं काही निघालं नाही, तर मात्र त्यांना खाटेवर बसवून ठेवू नका. अंगणात पाच मिनिटं चालणं, चार दिवसांनी सात मिनिटं, असं वाढवत न्या. ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशी आठवड्याचं काम उरकायला जातात आणि पुढचे तीन दिवस झोपून काढतात, हे बायकांचं मी रोज बघतो. तेवढं तुम्ही थांबवा. महिन्या-दोन महिन्यांत झोप सुधारेल, दुखणं त्याच्या मागून कमी होईल.

दवाखान्यात जाताना गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा बरोबर घ्या. नाव सांगता येत नाही म्हणून त्या गोळ्यांचं सांगायचंच राहून जातं.