स्वस्त रेट्रो हँडहेल्ड किती टिकतो?

प्रश्न : जुने गेम खेळण्यासाठी मी तीन वर्षांपूर्वी एक स्वस्त हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचे छोटे यंत्र, घेतला. दीड वर्ष तो उत्तम चालला. नंतर कामाच्या व्यापात तो जवळजवळ वर्षभर कपाटात पडून होता. आता बाहेर काढला, तर पूर्ण चार्ज दाखवूनही तासाभरात एकदम बंद पडतो, एक बटण फार जोर लावून दाबावे लागते आणि सेव्ह केलेला एक खेळ नाहीसा झाला आहे. ही यंत्रे मुळातच अल्पायुषी असतात का? दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

उत्तर : दुरुस्त करावा. तुमच्या तिन्ही तक्रारी बदलता किंवा साफ करता येणाऱ्या भागांच्या आहेत. प्रोसेसर, मेमरी आणि पडदा हे भाग सहसा लवकर दगा देत नाहीत. थकतात ती बॅटरी, गेम आणि सेव्ह साठवणारे मेमरी कार्ड आणि बटणांखालचे रबर.

कामाला हात घालण्यापूर्वी कार्ड काढून त्यातील सेव्हचे फोल्डर संगणकावर उतरवून घ्या. निन्टेन्डोच्या गेम बॉय या जुन्या हँडहेल्डच्या बहुतेक कार्ट्रिजमधील (गेमच्या डब्यांतील) सेव्ह 8 किंवा 32 किलोबाइटची असते, त्यामुळे कित्येक महिन्यांचा खेळ काही क्षणांत सुरक्षित होतो. तुमची सेव्ह नाहीशी होण्यामागे बॅटरीच असण्याची शक्यता मला अधिक वाटते. या यंत्रांची कार्डे बहुधा फॅट-32 किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असतात आणि कार्डावर लिहिणे चालू असताना वीज तुटली, तर अर्धवट राहिलेली नोंद सावरून घेण्याची सोय या पद्धतींत नसते. शिवाय यंत्रासोबत येणारे कार्ड पुष्कळदा बिननावाचे आणि हलक्या प्रतीचे असते. ते चालत असले तरी बदलावे. नवा हँडहेल्ड घेणाऱ्यांना तर मी हे पहिल्याच दिवशी करायला सांगतो.

आता बॅटरीकडे वळू. लिथियमची बॅटरी साधारणतः 300 ते 500 वेळा पूर्ण चार्ज केल्यावर तिची क्षमता मूळच्या 80 टक्क्यांच्या आसपास येते. दीड वर्षाच्या खेळाने तुमची बॅटरी इतकी ढासळली नसती. तिला कपाटाने मारले. यंत्र बंद असले तरी आतले सर्किट किंचित वीज ओढत राहते, त्यामुळे जवळजवळ रिकामी ठेवलेली बॅटरी काही महिन्यांत सुरक्षित पातळीच्याही खाली जाते आणि तिचा अंतर्गत रोध वाढतो. मग चार्ज केल्यावर व्होल्टेज 4.2 पर्यंत पोहोचते, पडद्यावर 'पूर्ण' दिसते, पण खेळाचा भार येताच ते कोसळते. म्हणून यंत्र ठेवून द्यायचे असेल तेव्हा बॅटरी निम्मी भरून थंड जागी ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी एकदा पाहावी. पूर्ण भरून उन्हाळ्यात बंद कपाटात ठेवणे हेही तितकेच घातक आहे.

आज एवढे नक्की करा: हँडहेल्ड सपाट टेबलावर उताणा ठेवून एका कोपऱ्यावर बोटाने हलकेच दाबा. पूर्वी स्थिर बसणारे यंत्र आता डुलत असेल, किंवा कडेच्या सांध्यात नख शिरण्याइतकी फट पडली असेल, तर बॅटरी फुगली आहे. तिचे चार्जिंग त्याच क्षणी थांबवा. ती दाबू नका, टोचू नका आणि घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा स्वीकारणाऱ्यांकडे द्या.

नवी बॅटरी घेताना केवळ क्षमतेचा आकडा पाहून भागत नाही. पातळ पाकिटासारख्या सेलवर बहुधा सहा आकडी क्रमांक असतो. 605060 म्हणजे 6 मिलिमीटर जाड, 50 रुंद आणि 60 लांब. याहून महत्त्वाचे म्हणजे कनेक्टर तोच दिसला तरी लाल आणि काळ्या तारेची जागा वेगवेगळ्या उत्पादकांकडे उलटी असू शकते. जुनी बॅटरी शेजारी ठेवून तारा जुळवल्याशिवाय जोडू नका, कारण उलट जोडलेल्या बॅटरीने बोर्ड जळतो आणि त्यावर मात्र स्वस्त इलाज नाही.

बटणाचे काम सर्वांत समाधानाचे आहे. मागचे स्क्रू काढून बोर्ड उचललात की बटणांखाली मऊ रबराची पट्टी दिसेल आणि प्रत्येक बटणाच्या जागी तिच्या तळाला एक काळी, गोल कार्बनची टिकली असेल. घामाचा आणि बोटांच्या तेलाचा थर साचला की टिकली आणि बोर्ड यांचा संपर्क तुटतो. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने बोर्डावरची जागा पुसा. टिकलीवरून मात्र काडी अलगद फिरवा, कारण घासल्यास कार्बनच निघून येतो. 1989 च्या पहिल्या गेम बॉयमध्येही हीच रचना होती आणि एवढ्या साफसफाईवर ती यंत्रे आजही खेळती आहेत. खांद्यावरची 'कट्' असा आवाज करणारी बटणे वेगळी असतात. ती बिघडली तर सोल्डरिंग जाणणाऱ्याकडेच द्यावीत.

प्रश्न : माझा हँडहेल्ड मोबाइलच्या नव्या चार्जरवर मुळीच चार्ज होत नाही, जुन्या चार्जरवर होतो. पोर्ट खराब झाला का?

उत्तर : बहुधा नाही. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जर आधी समोरच्या उपकरणातील 5.1 किलोओहमचे रोधक (रेझिस्टर) शोधतो आणि ते सापडले तरच वीज सोडतो. अनेक स्वस्त यंत्रांत हे रोधक बसवलेलेच नसतात. ही उत्पादकांची अक्षम्य काटकसर आहे, पण चार्जरकडचे टोक जुन्या चौकोनी यूएसबीचे असलेली केबल वापरली की अडचण उरत नाही. त्या केबलवरही चार्जिंग तुटक होऊ लागले, तर यंत्र बंद करून पोर्टमध्ये साचलेला धाग्यांचा गोळा लाकडी काडीने हळूच काढून पाहा.