फिजिक्सनंतर परदेशात भूभौतिकी

प्रश्न : बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षात आहे. जर्मनीत भूभौतिकीत एम.एस्सी. करायचे आहे, पण भूशास्त्र शिकलेले नाही. चालेल का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : भूशास्त्र नसणे सहसा आड येत नाही. अर्ज अडतो तो गणितावर. डिफरन्शियल इक्वेशन, लिनियर अल्जेब्रा, फूरिए ट्रान्सफॉर्म कोणत्या पेपरात झाले, हे मार्कशीटवरून समितीला कळत नाही. म्हणून सविस्तर अभ्यासक्रमाची प्रत जोडाच.

एपीएस प्रमाणपत्राची (भारतीय शैक्षणिक कागदपत्रे पडताळल्याचा जर्मनीला लागणारा दाखला) तयारी आधी करा. ते उशिरा आले की व्हिसाही लांबतो, आणि सत्र ऑक्टोबरात सुरू होते. खर्चाच्या हमीसाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सध्या वर्षाचे 11,904 युरो ठेवावे लागतात. तिथे पोहोचल्यावर त्यातून महिन्याला 992 युरोच मिळतात. घराची अनामत रक्कम त्यामुळे वेगळी बाजूला काढा. डेल्फ्ट (नेदरलँड्स), झुरिक (स्वित्झर्लंड) आणि आखेन (जर्मनी) या विद्यापीठांचा दोन वर्षांचा संयुक्त अभ्यासक्रमही उत्तम आहे, मात्र देश बदलताना घर दरवेळी नव्याने शोधावे लागते.

उद्देशपत्रात ‘लहानपणापासून आवड’ लिहू नका, केलेले काम दाखवा. भूकंपाच्या नोंदी तपासण्याचे पायथनमधील सॉफ्टवेअर ऑब्सपाय मोफत आहे. जवळच्या एखाद्या भूकंपाची नोंद उतरवून घ्या, नको असलेल्या वारंवारिता काढणारा फिल्टर लावा, आधी पोहोचणाऱ्या पी आणि नंतरच्या एस लहरींच्या आगमनातील फरकाच्या सेकंदांना साधारण 8 ने गुणा. भूकंपाचे नोंद केंद्रापासूनचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. फिल्टर फार अरुंद ठेवला तर लहरीची सुरुवात पसरते आणि वेळ चुकते. भारतीय भूचुंबकत्व संस्था तुमच्याजवळच, नवीन पनवेलला आहे. तिथल्या संशोधकांना प्रकल्पासाठी ईमेल करा, सोबत या नोंदीचा आलेख पाठवा.