क्रेडिट कार्ड बंद केलं, तरी सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी) थकबाकी दिसतेय. नोंद कशी काढायची?

कार्डाचे सगळे पैसे भरून एनओसी (काही बाकी नसल्याचं बँकेचं पत्र) घेतलीय ना, मग वसुलीवाल्याने कितीही गळ घातली तरी ‘सेटलमेंट’ला, म्हणजे थोडे पैसे देऊन खातं मिटवायला, हो म्हणू नका. ‘सेटल्ड’ शेरा बसला की नवं कर्ज मिळणं अवघड होतं.

सिबिलच्या साइटवर त्या खात्यासमोर डिस्प्यूट (नोंद चुकीची असल्याची हरकत) टाका, पैसे लागत नाहीत. पण सिबिल परस्पर नोंद बदलत नाही, बँकेचा होकार लागतो. म्हणून त्याच दिवशी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एनओसी जोडून मेल करा, तक्रार क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. ती मागाच! तरीही दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. सिबिलसारख्याच एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या कंपन्यांचे रिपोर्टही तपासा, वर्षातून एकदा मोफत मिळतात.