जुना पीसी ४के टीव्हीला जोडलाय, गेम खेळायचे नाहीत. सिनेमे बघायला कुठलं ग्राफिक्स कार्ड घेऊ: जीटी ७३०, जीटी १०३० की आरएक्स ६४००?

तुमचा पीसी इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय५ चा, ऑफिसात असतो तसला बारीक डब्याचा. १०८०पी सिनेमे नीट चालतात, ४के फाइल लावली की चित्र अडखळतं आणि पंखा घोंगावायला लागतो. प्रश्नावरून मला एवढं कळलं. तेच धरून सांगतो.

जीटी ७३० आणि तिची बहीण जीटी ७१० यादीतून आत्ताच काढा. स्वस्त आहेत, बिनपंख्याच्याही मिळतात, म्हणून लोक टीव्हीसाठी हमखास त्याच घेतात आणि पस्तावतात. तुमच्या प्रोसेसरची जी अडचण आहे तीच या कार्डांची आहे: एचईव्हीसी (४के सिनेमे दाबून साठवायची पद्धत) हार्डवेअरमध्ये डिकोड होत नाही, म्हणजे चिपला ते स्वतः उलगडता येत नाही, आणि टीव्हीकडे जाणारा पोर्ट जुन्या एचडीएमआय १.४ चा असल्यामुळे ४के फक्त ३० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांनी मिळतं. म्हणजे पैसे घालून तुम्ही आहात तिथेच राहाल.

होम थिएटरचं कार्ड गेमच्या आकड्यांवरून पारखू नका. गेममध्ये जे कोअर राबतात ते सिनेमा बघताना जवळपास निवांत असतात. तिथे काम करतो तो चिपच्या कोपऱ्यातला व्हिडिओ डिकोडर. तो वेगळाच भाग असतो, आणि त्याला एखादा कोडेक (व्हिडिओ दाबण्या-उलगडण्याची पद्धत) येतो किंवा येत नाही. ४के ब्लू-रेवरचं चित्र १० बिट एचईव्हीसीमध्ये असतं, यूट्यूबचं ४के व्हीपी९ किंवा एव्ही१ मध्ये. कार्डाला यातलं काय येतं, हे नावावरून किंवा सालावरून ओळखता येत नाही.

आरएक्स ६४०० हे त्याचं उत्तम उदाहरण. २०२२ सालचं कार्ड, वीज ५३ वॅट, बुटकं (कमी उंचीचं, बारीक डब्यात बसणारं) मिळतं, एचडीएमआय २.१ आहे. एचईव्हीसी आणि व्हीपी९ छान चालवतं. पण त्याच मालिकेतल्या मोठ्या कार्डांना येणारं एव्ही१ याला येत नाही, आणि व्हिडिओ एन्कोडरही (व्हिडिओ दाबून साठवणारा भाग) काढून टाकलाय. खोक्यावरचा '६०००' चा आकडा बघून ते गृहीत धरू नका. उत्पादकाच्या पानावर कोडेकची यादी असते, तीच वाचा.

आता जीटी १०३०. २०१७ चं कार्ड, ३० वॅट, एचडीएमआय २.०बी, १० बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही. एव्ही१ नाही. तुमच्याकडे मुख्यतः स्वतःच्या फाइल असतील तर हे कार्ड आजही काम भागवतं. एकच जागा सांभाळा: २०१८ मध्ये याच नावाने डीडीआर४ मेमरीचं कार्ड आलं. मूळ जीडीडीआर५ कार्डाच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, डीडीआर४ चा जेमतेम १६.८. डिकोडर तोच असला तरी डिकोड झालेलं चित्र ताणून मोठं करणं, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींनी येणारं) टीव्ही प्रक्षेपण सरळ करणं, एचडीआर (जास्त उजळ-गडद छटांचे) रंग साध्या पडद्यासाठी उतरवणं ही सगळी कामं त्याच मेमरीतून होतात. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

नेटफ्लिक्सचं ४के पीसीवरच बघायचं असेल तर मात्र १०३० नको. त्या पिढीच्या कार्डांसाठी एनव्हिडियाने किमान ३ जीबी मेमरीची अट घातली होती, आणि बहुतेक १०३० वर २ जीबीच असते.

पोर्टबद्दल लोक उगाच घाबरतात. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, आणि ४के २४ हर्ट्झ एचडीआरसकट एचडीएमआय २.० मधून पूर्ण रंगांनिशी जातो. अडतं ते ६० हर्ट्झ एचडीआरला, तिथे रंगांची माहिती थोडी आवळावी लागते. २.१ ची गरज ४के १२० हर्ट्झवाल्यांना.

माझ्या मते खरी परीक्षा याच २४ फ्रेमची आहे, आणि बाजारातली परीक्षणं नेमकी तीच टाळतात. सिनेमाचा वेग बहुधा अचूक २४ नसतो, २३.९७६ असतो. टीव्ही ६० हर्ट्झवर ठेवला तर एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा अशी दाखवावी लागते आणि कॅमेरा हळू सरकताना चित्र लंगडतं. टीव्ही नेमका २४ वर ठेवला तरी दर ४१-४२ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दिसते. इंटेलच्या २०११ च्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये हा दोष प्रसिद्ध होता. मी तसल्या मशीनवर श्रेयनामावली लावून घड्याळ हातात घेऊन बसलो होतो. अक्षरं तेलासारखी वर सरकत होती आणि चाळीस-बेचाळीस सेकंद झाले की एक बारीकसा गचका. एकदा तो दिसला की पुढे सिनेमा बघताना डोळा त्याचीच वाट बघतो.

म्हणून कार्ड बसवलं की आधी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जा. तिथे '२३ हर्ट्झ' आणि '२४ हर्ट्झ' असे दोन पर्याय दिसले पाहिजेत. २३ म्हणजे २३.९७६. कोडी (सिनेमे लावायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर रिफ्रेश रेट आपोआप जुळवण्याचा पर्याय चालू करा. तो मुळात बंद असतो. मग एखादा सिनेमा लावून 'ओ' ही कळ दाबा. डिकोडर हार्डवेअरचा आहे की नाही ते पडद्यावर येतं. टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सच्या पानावर 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख हलतोय आणि प्रोसेसर शांत आहे, असं दिसलं की काम फत्ते.

काळा रंग राखाडी दिसला तर कार्डाला दोष देऊ नका. टीव्हीला चित्र १६ ते २३५ या पट्ट्यात अपेक्षित असतं आणि पीसी ० ते २५५ पाठवतो, किंवा उलट. ड्रायव्हर आणि टीव्ही दोन्हीकडे एकच पट्टा ठेवा. मी यावर दोन रात्री घालवल्यात. अंधाऱ्या प्रसंगात पडद्यावरच्या वरखालच्या काळ्या पट्ट्या धुरकट दिसत होत्या, आणि मी मात्र केबल बदलत बसलो होतो.

आवाजाचे दोन मुद्दे. पहिला पंख्याचा. बुटक्या कार्डांवर इवलासा पंखा असतो आणि त्याची किणकिण खोलीत शांतता असताना थेट कानात शिरते. ३० वॅटचं कार्ड बिनपंख्याचं मिळत असेल तर तेच घ्या, फक्त डब्यात हवा खेळती ठेवा. दुसरा मुद्दा स्पीकरचा. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी आवाज तुम्हाला जसाच्या तसा हवा असेल तर एचडीएमआय थेट रिसीव्हरमध्ये (स्पीकर चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये) घाला. ऑप्टिकल केबलमधून तो जात नाही, टीव्हीच्या साध्या एआरसीमधूनही (एचडीएमआयमधून आवाज परत पाठवायची सोय) नाही, तिची सुधारित आवृत्ती ईएआरसी लागते. रिसीव्हर जुना असेल तर त्यातून ४के पुढे जातं का तेही बघा, नाहीतर चित्र तिथेच अडकेल.

एव्ही१ हवंच असेल तर? इंटेल आर्क ए३१० स्वस्तात एव्ही१ चं डिकोड आणि एन्कोड दोन्ही देतं, पण इंटेल स्वतः दहाव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर मागतं, त्यामुळे तुमच्या मशीनसाठी मी ते सुचवणार नाही. २०२४ चं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं कार्ड ७० वॅटमध्ये, वेगळी वीजवायर न लावता चालतं, बुटकंही मिळतं आणि एव्ही१ डिकोड करतं. मात्र तुमच्या यादीतल्या तिन्हींपेक्षा ते बरंच महाग आहे. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात हा नियम सगळ्यांसाठी असला, तरी काही ऑफिसवाल्या डब्यांत त्याहून कमीची मर्यादा असते. तुमच्या मॉडेलची माहितीपत्रिका बघून घ्या.

तुमच्या जागी मी असतो तर फाइल स्वतःच्या असतील तर जीडीडीआर५ चं बिनपंख्याचं १०३० घेतलं असतं, आणि नेटफ्लिक्स-यूट्यूबच जास्त बघत असाल तर तूर्त कार्ड न घेता ते टीव्हीच्याच अ‍ॅपवर बघितलं असतं. कार्ड डब्याला अडकवायची पट्टी बुटकी मिळतेय ना, एवढं खोकं उघडल्या उघडल्या तपासा. पूर्ण उंचीची लोखंडी पट्टी तुमच्या डब्यात बसणार नाही.