वाचकांचे प्रश्न : बोट टोचून मोजलेलं हिमोग्लोबिन

प्रश्न : सुनेला सातवा महिना आहे. आरोग्य केंद्रात बोट टोचून यंत्रावर हिमोग्लोबिन १०.२ आलं, चार दिवसांनी म्हापशाच्या लॅबमध्ये ९.१. कोणता आकडा खरा मानायचा? (पेडणे)

उत्तर : शिरेतून रक्त घेऊन ऑटो अ‍ॅनलायझरवर मोजलेला, म्हणजे लॅबचा ९.१ धरा. मात्र केंद्रातलं यंत्र बिघडलंय असा निष्कर्ष लगेच काढू नका. बोटाच्या एका थेंबावरचा आकडा नि शिरेतल्या रक्तावरचा आकडा यांत एखाद्या ग्रॅमचा फरक पडतो, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा यंत्रात नसून थेंबात असतं. गरोदरपणी ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय, तेव्हा सुनेला तो आहे हे दोन्ही आकडे सांगतात. पण १० ते १०.९ सौम्य आणि ७ ते ९.९ मध्यम, त्यामुळे गट मात्र बदलला. दोन्ही कागद डॉक्टरांना दाखवा. पुढची तपासणी त्याच पद्धतीने करून घ्या. एकदा बोट नि एकदा शीर असं केलंत, तर गोळ्यांचा गुण येतोय की नाही हे कळणार नाही.

थेंब कसा बिघडतो हे टोचून घेणाऱ्यालाही माहीत असलेलं बरं. हात थंड असेल तर आधी कोमट पाण्यात धरावा. मधलं किंवा अनामिका बोट घ्यावं, टोचावं ते टोकाच्या बाजूला, नेमकं मध्यावर नाही. स्पिरिट लावल्यावर ते पूर्ण वाळू द्यावं. ओलं राहिलं तर ते रक्तात मिसळतं. लॅन्सेट, म्हणजे टोचायची सुई, खोल, एकाच झटक्यात. पहिले दोन-तीन थेंब कोरड्या कापसाने पुसायचे आणि पुढचा मोठा थेंब घ्यायचा. रक्त येत नाही म्हणून बोट पिळलं की पेशींच्या मधल्या जागेतलं पाणी थेंबात उतरतं आणि आकडा खाली येतो. आमच्या मते सर्वाधिक होणारी चूक हीच. पिळण्यापेक्षा दुसरं बोट टोचावं.

क्युव्हेट, म्हणजे रक्त भरून यंत्रात घालायची छोटी पट्टी, एका दमात भरली पाहिजे. अर्धी भरली तर वरून दुसरा थेंब घालायचा नाही, टाकून नवी घ्यायची. बाहेरून पुसताना उघड्या कडेला कापूस लागला तर तो आतलं रक्त ओढून घेतो. मध्ये बुडबुडा दिसला तरी तीही बाद.

प्रश्न : उपकेंद्रात पावसाळ्यात डिजिटल मीटरचे आकडे विचित्र येतात. यंत्र बदलून मागू का? (एएनएम, सांगे)

उत्तर : आधी क्युव्हेटचा डबा तपासा. काही यंत्रांच्या क्युव्हेटमध्ये कोरडं रसायन असतं. ते लाल पेशी फोडतं, हिमोग्लोबिनचं अझाइडमेथहिमोग्लोबिन बनवतं, आणि यंत्र त्याचा रंग ५७० नॅनोमीटरवर वाचतं. ८८० वरचं दुसरं वाचन गढूळपणा वजा करायला असतं. हे रसायन दमटपणाने खराब होतं, आणि जून ते सप्टेंबर गोव्यात सुकं काय राहतं? एक क्युव्हेट काढली की झाकण तिथल्या तिथे घट्ट लावा. रांगेतल्या दहा जणींसाठी दहा आधीच काढून ट्रेमध्ये मांडू नका. डबा उघडल्याची तारीख त्यावर लिहा. उघड्या डब्याची मुदत बहुधा ३ महिने असते, छापील एक्सपायरीपर्यंत नाही. १५ ते ३० अंशांत ठेवा, म्हणजे फ्रिजमध्ये नाही आणि मे महिन्यात जीपच्या डॅशबोर्डवरही नाही. रसायन नसलेल्या क्युव्हेटची यंत्रंही मिळतात. ती दमटपणा जास्त सोसतात, पुढच्या मागणीत तीच मागा. यंत्र खरंच चुकतंय का, हे कंट्रोल द्रावण, म्हणजे ज्याचा आकडा आधीच ठाऊक असतो ते, घालून ठरवावं.

प्रश्न : हिमोग्लोबिन मोजायची जुनी साहलीची नळी आता फेकून द्यावी का? (फोंडा)

उत्तर : दुसरं काही नसेल तेव्हा चालवा. एन/१० हायड्रोक्लोरिक आम्लात पिपेटने २० मायक्रोलिटर रक्त, मग पूर्ण १० मिनिटं थांबायचं, नंतर थेंबथेंब डिस्टिल्ड वॉटर घालून काचेच्या तपकिरी रंगाशी जुळवायचं. घाईत पाचव्या मिनिटाला वाचलं तर रंग पुरता आलेला नसतो आणि आकडा कमी येतो. रंग शेवटी डोळ्यांनीच जुळवायचा, म्हणून दोन माणसं त्याच नळीवर वेगळे आकडे सांगतात. रक्तदान शिबिरातली कॉपर सल्फेटची चाचणी वेगळ्या कामाची. १.०५३ घनतेच्या द्रावणात थेंब बुडला तर दाता साधारण १२.५ च्या वर, एवढंच ती सांगते. रुग्णाचं हिमोग्लोबिन किती ते नाही.

प्रश्न : आयसीयूत ब्लड गॅस यंत्रावर ७.८ आणि लॅबमध्ये ८.९. रक्त चढवायचं की थांबायचं? (स्टाफ नर्स, मडगाव)

उत्तर : यंत्र कशावरून मोजतं ते पाहा. को-ऑक्सिमीटर असेल तर ते हिमोग्लोबिन प्रकाशाने थेट मोजतं. काही छोटी यंत्रं मात्र रक्ताची विद्युतवाहकता मोजून हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, काढतात आणि त्यावरून हिमोग्लोबिनचा हिशेब करतात. सलाईन भरपूर गेलं, प्रथिनं उतरली की अशा यंत्रावर आकडा खोटा कमी येतो. मग सिरिंज पाहा : रक्त गोठू नये म्हणून घातलेलं द्रव हेपॅरिन जास्त राहिलं तर रक्त पातळ होतं, सिरिंज पडून राहिली तर पेशी तळाशी बसतात, म्हणून यंत्राला लावण्याआधी ती तळव्यांमध्ये फिरवून नीट मिसळा. सलाईन चालू असलेल्या हातातून नमुना घेऊ नका. शंका राहिली तर ईडीटीए नळीत (रक्त गोठू न देणाऱ्या) नवा नमुना घ्या, नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी करून लॅबला धाडा. रुग्णाचं रक्त वाहत असेल तर मात्र आकड्यासाठी अडू नका. ताज्या रक्तस्रावात हिमोग्लोबिन लगेच उतरत नाही, तेव्हा नाडी, रक्तदाब नि लघवीचं प्रमाण पाहून डॉक्टरांना लगेच कळवा.